पूर म्हणजे साठी

मंगळवारी संध्याकाळी सहाला, वखारभागात,
बेदाण्याच्या गाळ्यावरच्या खोलीत
मी फळ्यावर लिहिते: पूर.
खालच्या खोक्यांचा गोड-आंबूस वास जिन्यानं वर येतो
आणि सगळे एकदम मान वर करतात.
सांगलीत हा शब्द असा सहज लिहायचा नसतो.

फ्रेंचमध्ये, मी सावरून घेते.
फ्रेंचमध्ये पूर म्हणजे साठी.

आपलं 'साठी' शब्दाच्या शेपटीला चिकटतं:
ज्याच्यासाठी, जिच्यावर, ज्यांच्याविना.
त्यांचं पुढं चालतं, एकटंच,
आणि मागून येणाऱ्याला दरडावतं,
माणूस का वस्तू?
माणूस असेल तर 'की'.
(ही की आपली नव्हे, सन्मती, हसू नकोस.)
वस्तू असेल तर आणखी चौकशी, बुवा का बाई:
बुवाला लकेल, बाईला लाकेल.
पूल तिकडंही तो, ज्याच्याखालून.
नदी तिकडंही ती, जिच्यात.
घर मात्र तिकडं गेलं की ती होतं.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बरं वाटलं होतं,
का, ते नीट सांगता येणार नाही.

आणि एक अपवाद, वहीत चौकटीत लिहा:
'पैकी' आलं की 'की' चालत नाही,
माणसांनाही वस्तूंचंच सर्वनाम.
हा नियम मला कॉलेजपासून पाठ होता.
कळला तो त्या ऑगस्टात, शाळेच्या व्हरांड्यात,
तलाठ्यानं यादी वाचली तेव्हा,
जिच्यात मी एकशे बारावी.

भूपाल मगदूम भिलवडीहून एसटीनं येतो.
डेअरीत मलई काढायचं फ्रेंच यंत्र आलंय,
त्याची पुस्तिका फ्रेंच,
बसवून गेलेला साहेब आता फोन उचलत नाही.
'झडप, जिच्यातून दूध जातं'
हे त्याला पहिल्या झटक्यात जमलं.
बोटांना ग्रीस, वहीला ग्रीस, लिंग बरोबर.

गृहपाठ पाच वाक्यांचा. त्याचं पाचवं:
म्हैस, पूर की आम्ही थांबलो.
मी 'की'खाली लाल रेघ मारली.
लाकेल.

तो उभा राहिला,
अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, बाकाला गुडघे आपटत.
"मॅडम, म्हस वस्तू हाय व्हय?"
व्याकरणात, मगदूम.
"चंद्रीला बघितलं न्हाई तुमी."

मग बसला नाही, बोलत राहिला.
आयर्विनला पंचावन्न फूट म्हणत हुते.
नाव दोनदा दारात आली.
बायकापोरं घातली तिच्यात,
मी आन् आबा ऱ्हायलो.
म्हागनं पंचनाम्याला आले, म्हणले, का ऱ्हायला?
सांगितलं.
त्येनी लिहून घेतलं: जनावर, एक.

खोलीत कुणाचं पेन वाजेना.
मी मास्तरकीच्या खुंटीला धरून म्हटलं,
वाक्य अपुरं आहे, मगदूम.
आपल्यात 'जिच्यासाठी' आलं
की पुढं 'ती' यावीच लागते.
ती राहिली, ती गेली,
ती काय?
"फ्रेंचमधी 'ती' लागत न्हाई.
तुमीच सांगितलंय."

सांगितलं होतं खरं.
क्रियापद तरी लागतंच,
हे त्यालाही ठाऊक होतं.
आम्ही दोघांनीही ते उच्चारलं नाही.

लाल शाई खोडरबरानं जात नाही,
कागद तेवढा विरतो.
मी रेघेशेजारी बारीक अक्षरात लिहिलं: असू दे.
तारीख घातली, सही केली,
पंचनाम्यावर करतात तशी.

खाली ट्रक मागं घेताना पोरगा ओरडत होता,
येऊ दे, येऊ दे, बास.
भूपालनं पिशवी उचलली,
साडेआठची गाडी चुकली असती.

फळा पुसताना सन्मतीनं हळूच विचारलं,
मॅडम, मग परीक्षेत काय लिहायचं?
लाकेल, मी म्हटलं.
परीक्षेत लाकेल.